रतनगड – कात्राबाई खिंड – कुमशेत – हरिश्चंद्रगड: वाटा, पाणी, मुक्काम

दुर्गवेडी

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही सहा जण रतनवाडीहून निघून रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई असं करत हरिश्चंद्रगडावर जायचं म्हणतोय. उतरायचं तोलार खिंडीतून खिरेश्वरला. कळसूबाई आणि राजगड-तोरणा सगळ्यांचं झालंय, त्यामुळे चालायची सवय आहे. पाठीवर सगळं सामान घेऊन सलग तीन-चार दिवस चालण्याचा सराव मात्र दोघांनाच आहे.

विचारायचं असं:

१. तीन दिवस पुरतील की चार लागतील? मुक्काम कुठे करावेत?
२. कात्राबाई खिंडीची वाट वाटाड्याशिवाय सापडते का? फोनमध्ये जीपीएक्स ट्रॅक (आधी कुणीतरी चाललेल्या वाटेची नकाशावरची नोंद) उतरवून घेतला आहे.
३. पाणी कुठे कुठे मिळतं आणि जवळ किती बाळगावं?
४. शेवटच्या दिवशी खिरेश्वरऐवजी नळीच्या वाटेने बेलपाड्याला उतरलो तर? आमच्यातल्या दोघांची फार इच्छा आहे.

---

सोंडेवरचा

चार दिवस घ्या. तीन दिवसांत होते, पण तेव्हा कात्राबाईची उतरण किंवा पाचनईची चढण संध्याकाळी वाट्याला येते. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. कात्राबाईच्या रानात तर साडेपाचलाच पायाखालचं दिसेनासं होतं. म्हणून वेळापत्रक अंतरावरून न आखता उजेडावरून आखा. साडेसहाला चहा, सातला पाठपिशव्या पाठीवर, आणि दुपारी चारनंतर कुठलीही अनोळखी खिंड चढायला घ्यायची नाही.

पहिला दिवस. आदल्या रात्री किंवा पहाटे रतनवाडीत पोचा. मुंबईकडून येणार असाल तर कसारा किंवा इगतपुरी, तिथून घोटी-बारीमार्गे शेंडी. पुण्याकडून ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर, शेंडी. शेंडीपासून रतनवाडीचा रस्ता भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत जातो. एसटीच्या भरवशावर राहू नका, शेंडीतून जीप ठरवा.

मोठ्या पाठपिशव्या रतनवाडीतच मुक्कामाच्या घरी ठेवा आणि रतनगड हलक्या सामानानिशी करून या. गावापासून गडमाथा साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. चढायला अडीच-तीन तास, गड पाहायला तीन, उतरायला दोन. बऱ्याच जणांना गडावरच्या गुहेत राहायचं असतं. पण मग बारा किलोचं ओझं लोखंडी शिड्यांवरून वर न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच शिड्यांवरून खाली आणायचं. कारण कात्राबाईची वाट गडावरून निघतच नाही, ती खालच्या रानातल्या फाट्यावरून फुटते. शिडीवर पाठपिशवी माणसाला मागे ओढते आणि मग हात लवकर भरून येतात. नवख्यांचा तोल जातो तो इथेच.

शिड्या चढून गणेश दरवाजात आलात की उजवीकडे रत्नादेवीचं ठाणं आणि गुहा. डावीकडची वाट हनुमान दरवाजातून माथ्यावर. राणीचा हुडा (बुरूज), टाकी, कोकण दरवाजा करत नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत जा. नेढ्यात वारा जोराचा असतो, टोपी-चष्मा सांभाळा. त्र्यंबक दरवाजाची वाट खुट्टा सुळक्याच्या बाजूने साम्रदला उतरते. तुमचं सामान रतनवाडीत असल्यामुळे तिकडून उतरायचा मोह टाळा. शिड्यांपाशी माकडांचा उपद्रव आहे, खाण्याची पिशवी हातात दिसू देऊ नका.

दुसरा दिवस. रतनवाडी ते कुमशेत, सगळ्यात महत्त्वाचा दिवस. सुरुवातीची वाट रतनगडाचीच. रानातल्या फाट्यावर उजवी वाट गडाच्या शिड्यांकडे चढते, तुम्ही ती सोडायची. फाट्यापर्यंत दीड तास, तिथून खिंडीपर्यंत दोन ते अडीच, खिंडीतून कुमशेतला दोन. थांबे धरून सात तास. सातला निघालात तर दोन-अडीचला गावात, म्हणजे चुकायला दोन तास हाताशी राहतात. ते तसेच राखून ठेवा, वाटेत फोटोंत घालवू नका.

तिसरा दिवस. कुमशेतहून मुळा नदीचं पात्र ओलांडून पेठेची वाडी आणि पुढे पाचनई, चार ते पाच तास. मग पाचनईहून गड, अडीच-तीन तास. दिवस लांबचा आहे, पण पाचनईची वाट मळलेली आणि ठळक आहे. पाचनईला पोचायला दुपारचे दोन वाजून गेले तर तिथेच मुक्काम करा. वर पोचलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

चौथा दिवस. पहाटे तारामती शिखर किंवा कोकणकडा, दोन्हींची धावपळ करू नका. मग हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, केदारेश्वराची गुहा, आणि दहापर्यंत तोलार खिंडीकडे कूच.

---

कारवी

वाट सापडते का, यावर लिहिते. वरच्या प्रतिसादातल्या वेळा बरोबर आहेत, पण त्या वाट न चुकता चाललात तर.

या चालीत गडांच्या वाटा चुकत नाहीत, त्यांवर वर्दळ असते. चुकतं ते दोन गडांमधल्या पट्ट्यात. कात्राबाईच्या दोन्ही अंगांना रानात गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा आहेत, आणि त्या माणसांच्या वाटेइतक्याच ठळक दिसतात. फरक ओळखायचा तो असा: ढोरवाट उताराला आडवी जाते, फार चढत नाही, आणि थोड्याच वेळात तिला तीन-चार फाटे फुटतात. शेणाचे पो दिसतात, पण दगडावर बुटांची घासट दिसत नाही. माणसांची वाट कातळाच्या टप्प्यावर पावलागणिक गुळगुळीत झालेली असते. पंधरा मिनिटं चालूनही खिंडीची उंची जवळ येत नसेल तर तुम्ही ढोरवाटेवर आहात. परत फिरा आणि शेवटच्या ओळखीच्या खुणेपाशी या. "इथूनच वर काढू" म्हणून कारवीच्या झुडपांत घुसू नका.

कारवीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवखे लोक तिच्या भरवशावर घसरतात. हिवाळ्यात पानं झडली की काठ्या उभ्या राहतात, हाताच्या बोटाएवढ्या जाड. चढताना आधार म्हणून त्या धरल्या जातात. ओली, जिवंत काठी वाकते आणि पेलते. वाळलेली काठी वरून तशीच दिसते, पण भार आला की मुळाशी कडकन मोडते, आणि माणूस मागच्या मागे जातो. धरायचीच असेल तर बुंध्याशी धरा, एका वेळी दोन-तीन काठ्या मुठीत घ्या आणि त्यांच्यावर वजन टाकू नका. तोल सावरण्यापुरताच तो आधार. मोडलेल्या काठीचं टोक तिरकं आणि टोकदार राहतं, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पँट घाला.

आता जीपीएक्स. ट्रॅक जरूर ठेवा, पण तो कुणाचा, कधीचा आणि कुठल्या दिशेने चाललेल्याचा आहे ते बघा. दाट झाडोऱ्यात आणि कड्याच्या पोटात फोनचं ठिकाण पन्नास-साठ मीटरही हलतं. सपाटीवर त्याने फरक पडत नाही, पण कड्याच्या खालची आणि वरची वाट नकाशावर एकमेकींना चिकटून दिसतात. म्हणून बारीक रेषेवर पाय टाकायचा प्रयत्न सोडा. ट्रॅकवरून फक्त तीन गोष्टी घ्या: फाटा, खिंड आणि कुमशेतच्या बाजूला वाट सपाटीला लागते ती जागा. फोन विमान-स्थितीत ठेवा, दर अर्ध्या तासाला एकदा बघा. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, रात्री फोन आणि पॉवरबँक झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा.

एक खूण कुठल्याही यंत्राशिवाय चालते. कात्राबाई खिंड ही दोन नद्यांच्या पाणलोटांची सीमा आहे. खिंडीच्या उत्तरेचे ओढे प्रवरेला, म्हणजे भंडारदऱ्याच्या जलाशयाकडे जातात. दक्षिणेचे सगळे मुळेला मिळतात. (पुढे मुळा स्वतःच नेवाशाच्या अलीकडे प्रवरेला मिळते, पण ते फार खाली.) खिंड ओलांडली असं वाटतंय, आणि तरी ओढा मागे भंडारदऱ्याकडेच वाहतोय, तर तुम्ही खिंड ओलांडलेली नाही, शेजारच्या घळीत आहात. खऱ्या खिंडीत पोचल्यावर दक्षिणेकडचा मुलूख एकदम उघडतो: आजोबाचा डोंगर, नाफ्ता, आणि लांबवर हरिश्चंद्रगडाचा पसारा.

हे सगळं सांगूनही माझं मत असं की रतनवाडी ते कुमशेत एवढ्या टप्प्याला वाटाड्या घ्याच. सहा जणांत ओझ्याचा सराव दोघांनाच असेल तर ते दोघे वाट शोधण्यात गुंतले की मागच्या चौघांकडे बघायला कुणी उरत नाही.

---

अकोलेकर

राम राम. वाटाड्याचं ताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे. रतनवाडीत आदल्या दिवशी संध्याकाळी ठरवा, पहाटे उठून शोधू नका. पहाटे माणसं गुरांमागं किंवा रानात गेलेली असतात. पैसे, तो कुठवर येणार, त्याचं परतीचं जेवण, सगळं आधी बोलून घ्या. तो कुमशेतपर्यंत आला तर त्याच दिवशी मागं जाता येत नाही, म्हणजे दोन दिवसांची मजुरी धरायची. काही लोक खिंडीतून "आता दिसतंय की गाव" म्हणून माणसाला परत पाठवतात आणि मग खालच्या रानात फिरत बसतात. गाव दिसणं आणि गावात उतरणं यात फरक आहे. गाव दिसतं त्या बाजूला सरळ तुटलेला कातळही असू शकतो.

जेवण-मुक्कामाचं कुमशेतला घरात होतं. पण सहा माणसं अचानक दारात उभी राहिली तर घरातल्या बाईला तारांबळ होते, निदान दोन दिवस आधी कळवा. रतनवाडीतल्या घरवाल्यांना सांगितलं तरी निरोप जातो. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, डाळ-भात मिळेल. हळद-मिरची कमी खात असाल तर आधी सांगा. रोख पैसे सुटे ठेवा, फोनवरून पैसे देण्याला नेटवर्क भेटेलच असं नाही.

कुमशेतला डांबरी रस्ता आहे, राजूरला जातो. पाचनईलाही गाडीरस्ता आहे. म्हणजे तुमच्या चालीला दोन जागी बाहेर पडायला वाट आहे. कुणाचा पाय दुखावला, ताप आला तर कुमशेतला थांबा, जीप बोलवा, राजूर गाठा. पुढं रेटू नका.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, 1986 सालापासून. रतनवाडीला आणि पाचनईला वन खात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते, ती जपून ठेवा. गडावर तंबू, रात्रीचा मुक्काम यांचे नियम मोसमाप्रमाणं बदलतात, नाक्यावरच विचारा आणि सांगतील तसं करा. रानात चूल-शेकोटी पेटवायची नाही. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी उडाली की वणवा सोंडेवरनं वर चढतो, आणि तो विझवायला आमचीच पोरं धावतात.

---

दुर्गवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. रतनगड हलकं करून यायचं आणि कुमशेतपर्यंत वाटाड्या, हे पक्कं केलं. पाणी, ओझं आणि नळीची वाट राहिली. आणखी एक, आमच्यातल्या एकीला आग्या मोहोळाची फार भीती आहे. डिसेंबरात किती धोका असतो?

---

नाळेतला

नळीची वाट या चालीच्या शेवटी नको. कारणं सांगतो, म्हणजे तुमच्या त्या दोघांना पटवता येईल.

ही वाट कोकणकड्याच्या शेजारच्या अरुंद घळीतून बेलपाड्याकडून वर येते. कोकणातलं बेलपाडं ते गडमाथा, हजार मीटरच्या आसपासची उंची एका दिवसात. चढायला आठ ते दहा तास. घळ मोठमोठ्या धोंड्यांनी आणि सुट्या दगडांच्या घसाऱ्याने भरलेली आहे. मध्ये कातळाचे टप्पे आहेत, तिथे दोर लावावा लागतो. वरच्या भागात घळ सोडून वाट आडवी जाते, तिथे दृष्टिभय आहे: एका बाजूला गवताळ उतार आणि त्याच्याखाली सरळ दरी.

आता हीच वाट उतरताना काय होतं ते बघा. चढताना कातळात पुढची खाच डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पायाखाली आणि पोटाआड असते. आडव्या वाटेवर वाळलेलं गवत उताराच्या दिशेने लोळलेलं असतं आणि त्यावरून बूट तेलावरून घसरावा तसा घसरतो. घसाऱ्यात मागच्या माणसाने हलवलेला प्रत्येक दगड पुढच्याच्या डोक्याकडे जातो, कारण घळ अरुंद आहे आणि बाजूला सरायला जागा नाही. चढताना हा धोका असतोच, पण उतरताना थकलेले पाय जास्त दगड सोडतात. त्यात तुमचा चौथा दिवस, पाठीवर ओझं, आणि निघायला आठ वाजणार. अर्ध्या घळीत अंधार गाठेल.

ही वाट करायची तर स्वतंत्र करा, खालून वर. हिवाळ्यात, बेलपाड्यातून पहाटे पाचच्या आत निघून, गावातला माहीतगार घेऊन. प्रत्येकाला हेल्मेट, दोराचं तंत्र येणारी किमान दोन माणसं, आणि घसाऱ्यात एकमेकांच्या सरळ खाली न येता दोघा-तिघांच्या तुकड्यांनी चालायचं: वरची तुकडी थांबली की खालची हलणार. पावसाळ्यात तर नावच काढू नका. ती घळ म्हणजे पाण्याचा मार्ग आहे, वर पाऊस पडला की दगडांसकट पाणी खाली येतं.

जाता जाता दोराबद्दल. तोलार खिंडीच्या कातळावर लोखंडी कठडे आहेत, तिथे दोर लागत नाही. गटात कुणाला दोर भक्कम आधाराला नीट बांधता येत नसेल तर दोर नेऊच नका. चुकीच्या झुडपाला बांधलेला दोर माणसाला खोटा धीर देतो.

---

सोंडेवरचा

पाण्याचं सांगतो.

निघताना प्रत्येकाजवळ तीन लिटर. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त काळजी घ्या. फाट्याच्या आधी ओढ्याला पाणी असेल तिथे सगळ्या बाटल्या भरून घ्या, वर खिंडीकडे मिळेल असं धरून चालू नका. डिसेंबरात रतनवाडीच्या बाजूचे ओढे जिवंत असतात, फेब्रुवारीनंतर तोच ओढा कोरडा असू शकतो. म्हणून पावसाळ्यानंतरच्या वर्णनावरून मार्चचा बेत कुणी आखू नये. तिसऱ्या दिवशी मुळा आहे, कुमशेत-पाचनईत विहिरी आणि नळ आहेत, अडचण नाही. हरिश्चंद्रगडावर मंदिराजवळच्या टाक्यांतलं पाणी प्यायला वापरतात. पुष्करणीतलं आणि केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी पिऊ नका, आणि भांडी-हात तिथे धुऊ नका. पिण्याच्या टाक्यात थेट हात किंवा पाय बुडवायचा नाही, भांड्याने काढून घ्यायचं.

गाळायचं आधी, औषध नंतर. सुती कापडाची चौपदरी घडी करून गाळा, मग क्लोरीनचे थेंब वेष्टनावर लिहिलेल्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात औषध टाकलं तर ते गाळावरच खर्च होतं आणि जंतू तसेच राहतात. उकळायचं असेल तर खळखळून. मात्र गॅसचा कॅन रेल्वेतून नेता येत नाही, तो विचार आधी करा. माझ्या मते तुम्ही जेवणं गावात करणार असाल तर चूल-गॅस सगळं घरी ठेवा. तिसऱ्या रात्रीचं जेवण आणि चौथ्या दिवशीचा नाश्ता हरिश्चंद्रगडावरच्या झोपड्यांत सांगता येतो, पाचनईतच विचारून जा. शनिवार-रविवार सोडून जात असाल तर हे विचारणं फारच गरजेचं, कारण मधल्या वारी वर कुणी नसतं.

ओझं दहा किलोच्या वर जाऊ देऊ नका, पाण्यासकट बारा-तेरा. झोपायची पिशवी पाच अंशांपर्यंतची, खाली पातळ चटई, एक लोकरीचं आणि एक वारा अडवणारं जॅकेट, कोरड्या मोज्यांच्या दोन जोड्या. गडावर रात्री पारा एक आकडी होतो आणि वारा असला की अजून बोचरा. कपाळावरची बॅटरी प्रत्येकाला वेगळी. सहांत तीन बॅटऱ्या म्हणजे अंधारात तीन आंधळे. पाठपिशवीत जड वस्तू पाठीला लागून आणि खांद्यांच्या खाली. वर जड भरलं तर कातळ उतरताना पिशवी डोक्यावरून पुढे ढकलते. चालताना खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, दर तासाला थोडं थोडं. जलसंजीवनीची पाकिटं माणशी चार.

---

कारवी

मोहोळांबद्दल. हिवाळ्यातही कड्यांवर आग्या मोहोळं असतात, भीती रास्त आहे. पाचनईच्या वाटेवर डोक्यावर पुढे झुकलेली लांबलचक कातळभिंत लागते, अशा कड्यांखालून जाताना बोलणं बंद, शिट्ट्या-आरोळ्या बंद. उग्र अत्तर, वासाची केशतेलं घरी. धूर सगळ्यात वाईट: कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तिथे मुळीच नाही. ड्रोन उडवू नका, अभयारण्यात त्याला परवानगीही लागते.

एखादी माशी घोंगावू लागली तर हात झटकू नका. तोंड-मान कापडाने झाकून शांतपणे आल्या वाटेने मागे. थवा उठलाच तर मोहोळापासून दूर, शक्य तितकं लांब निघा, पण कड्याकडे धावू नका. चावलेली नांगी नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा, वेळ घालवू नका. अंगभर गांध्या, ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं यातलं काहीही दिसलं तर ती घरगुती उपायाची वेळ नाही, तडक रुग्णालय. मैत्रिणीला आधी कधी अशी प्रतिक्रिया आली असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून औषधं लिहून घ्या आणि ती कुठल्या खिशात आहेत ते सहाही जणांना माहीत असू द्या.

सापाचंही याच ओघात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर सरकारी रुग्णालयात मिळणारी प्रतिविषाची लस चालते. चावलेल्या अवयवाची हालचाल थांबवा, काठी लावून कापडाने सैलसर बांधा, अंगठ्या-घड्याळ-बूट काढा, माणसाला उचलून न्या. कापणं, चोखणं, घट्ट आवळपट्टी बांधणं, तिन्ही नकोत. साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नका. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेसाठी 108. फुरसं आकाराने लहान, दगडाखाली बसतं आणि रंगाने दगडासारखंच. म्हणून कातळावर हात टाकण्याआधी खाच बघायची आणि बूट रात्रभर बाहेर राहिले असतील तर घालण्याआधी आपटायचे.

कड्यावरून पडणं, हाड मोडणं असं काही झालं तर गावकरी सगळ्यात आधी पोचतात, म्हणून जवळच्या गावाला पहिला निरोप. गिर्यारोहकांच्या बचाव पथकांची जुळणी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर करतं. त्यांचा मदतक्रमांक निघण्याआधी सहाही फोनमध्ये भरून ठेवा. गडाच्या कोकणाकडच्या कडेला कधी कधी नेटवर्क मिळतं, कात्राबाईच्या रानात धरून चालू नका. म्हणून घरच्यांकडे कागद ठेवा: रोजचा मुक्काम, वाटाड्याच्या गावाचं नाव, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

---

नाळेतला

कोकणकड्याबद्दल एवढंच. कडा अंतर्वक्र आहे, म्हणजे ज्या कडेवर तुम्ही उभे राहता तिच्याखाली दगड नसतो, हवा असते. कडेवरची बारीक खडी बुटाखाली गोल गोल फिरते. दरीत बघायचं तर पाठपिशवी दूर काढून ठेवा, पोटावर झोपा, आणि सरपटत पुढे जा. कडेला बसून पाय सोडून फोटो काढू नका. खालून वर येणारा वारा जोरात असतो आणि तो मध्येच पडतो, त्याच्यावर रेललेला माणूस पुढे जातो.

इंद्रवज्रासाठी, म्हणजे ढगावर दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्यासाठी, खाली दरीत ढग आणि पाठीमागे सूर्य हवा. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळचं ऊन. कर्नल साइक्सने 1835 साली इथे ते पाहिल्याची नोंद आहे. डिसेंबरात दरीत ढग क्वचितच असतात, तेव्हा त्यासाठी दिवस अडवू नका.

---

सोंडेवरचा

उतरणीचं राहिलं होतं. मंदिरापासून तोलार खिंडीकडे जाताना पठारावर लहान टेकड्यांची मालिका लागते. प्रत्येक टेकडीनंतर "आता उतार" असं वाटतं आणि पुन्हा चढ येतो. याच भागात पावसाळी धुक्यात लोक भरकटतात. डिसेंबरात स्वच्छ असतं, तरी मुख्य वाट सोडून आडवाटेने बालेकिल्ल्याला वळसा घालू नका. कठड्यांच्या कातळावर एका वेळी एकानेच, तोंड कातळाकडे करून, काठ्या पिशवीला अडकवून उतरायचं. कठड्याला हिसका देऊन भार टाकण्याआधी तो हलतो का ते हाताने बघा, काही ठिकाणी खिळे सैल असतात. निघण्याआधी नखं कापलेली असू द्या आणि घोट्यापाशी नाडी आवळून बांधा. नाहीतर चार तासांच्या उतारात बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळी पडतात.

तोलार खिंडीत व्याघ्रशिल्प आहे, तीच खूण. गडाकडून उतरलात की डावी वाट कोथळ्याला आणि उजवी खिरेश्वरला. थकलेली माणसं इथे पुढच्याच्या मागे न बघता चालतात, म्हणून सगळे जमल्याशिवाय कुणी खिंड सोडायची नाही. खिंडीतून खिरेश्वर दीड-दोन तास. गावालगतचं नागेश्वराचं देऊळ बघायला अर्धा तास काढा, छताचं कोरीवकाम फार सुरेख आहे.

रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळाशी त्याची तुलना आपसूक होईल. नद्यांच्या उगमांवर झंझ राजाने बारा शिवालयं बांधली असं सांगितलं जातं, आणि त्यात प्रवरेचं अमृतेश्वर आणि मुळेच्या मंगळगंगेवरचं हरिश्चंद्रेश्वर दोन्ही धरतात. तुमची चाल बरोबर या दोन देवळांच्या मधली आहे. दोन्हीकडे घाईने पुढे जाऊ नका.

---

अकोलेकर

खिरेश्वरहून खुबी फाटा पाच-सहा किलोमीटर, पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून. चालत दीड तास धरा. फाट्यावर कल्याण-नगर रस्त्याची एसटी मिळते, पण संध्याकाळी उशीर झाला की गाड्या फाट्यावर थांबत नाहीत, भरून आलेल्या असतात. चारच्या आत फाट्यावर या. उशीर झालाच तर खिरेश्वरातच जीप विचारा, अंधारात धरणाच्या भिंतीवरनं चालू नका.

आणि कुमशेतला निरोप धाडायचा असेल तर मला इथंच व्यक्तिगत संदेश करा, तारीख आणि माणसं किती ते लिहा. जेवणात कुणाला कांदा-लसूण चालत नसेल तर तेही.